डोंगर पश्चिमेला, घर पूर्वेला

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग महिनाभर वाचन-लेखन बंद, आणि मग नेहमीचा आळस. असो.

मागच्या आषाढातली गोष्ट. मी लोणी भापकरला गावच्या घरी होतो. रात्री दहा-साडेदहाला धाकट्या भावाच्या मुलीचा फोन आला. ती कॅनडात कॅलगरीला असते, तिच्याकडे सकाळ. बाहेर वारा असा सुटला होता की पडवीचे पत्रे दणादण आपटत होते. ती म्हणाली, "काका, तुमच्या दारात विमान उतरतंय की काय?" म्हटलं, "अगं वारा आहे. आखाडाचा वारा. विसरलीस?" क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "विसरले नाही. इथे पण असाच असतो. चिनूक म्हणतात त्याला. फक्त हिवाळ्यात येतो आणि बर्फ खाऊन जातो."

बर्फ खाऊन जातो! मला तो शब्दप्रयोग फार आवडला. तेवढ्यावरूनच हा लेख सुचला. पण लिहिता लिहिता तो भलत्याच ठिकाणी गेला. त्यात आमच्या घरातली एक गोष्ट आहे. ती पुतणीला आजवर कुणी सांगितलेली नाही, आणि ती हे पान न चुकता वाचते. म्हणून भावाला आधी विचारलं. तो म्हणाला, "लिही दादा. किती दिवस लपवायचं?"

आधी वाऱ्याबद्दल. जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कॅलगरीच्या पश्चिमेला रॉकी पर्वत, पूर्वेला सपाट गवताळ मुलूख. आमच्या पश्चिमेला सह्याद्री, आणि पूर्वेला इंदापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला माळ. दोन्हीकडे ओला वारा समुद्रावरून येतो, डोंगर चढतो, चढताना आपलं पाणी पलीकडच्या उतारावर सांडतो आणि रिकामा होऊन अलीकडे उतरतो. उतरताना हवा दाबली जाते आणि तापते, किलोमीटरभर उतरली की साधारण दहा अंशांनी. चढताना मात्र ढग होऊन पाऊस पडत असल्यामुळे ती तेवढी गार झालेली नसते. म्हणून पलीकडे होती त्यापेक्षा अलीकडे ती गरम आणि कोरडी होऊन पोचते. रॉकी पर्वत उंच, त्यामुळे तिथे हा खेळ जबरदस्त. अमेरिकेत साउथ डाकोटात स्पीअरफिश नावाचं गाव आहे, ब्लॅक हिल्स डोंगरांच्या कुशीत. तिथे २२ जानेवारी १९४३ रोजी असा वारा सुटला आणि दोन मिनिटांत पारा उणे २० वरून अधिक ७ अंश सेल्सिअसवर गेला. दोन मिनिटांत! आपला चहासुद्धा उकळत नाही तेवढ्यात.

पुतणीकडे आम्ही दोघं एका हिवाळ्यात राहून आलो, तेव्हा चिनूक मी डोळ्यांनी पाहिला. सकाळी खिडकीच्या काचेला आतून बर्फ, दुपारी पागोळ्या गळताहेत आणि पश्चिमेला आभाळात ढगांची एक भलीमोठी कमान, तिच्याखाली निळं आकाश. रस्त्यावर पाणीच पाणी. आमची ही म्हणाली, "बरं झालं, ऊन पडलं." शेजारच्या आजीबाई मात्र कपाळ दाबून बसल्या होत्या, चिनूक सुटला की त्यांची अर्धशिशी उठते म्हणे.

आमचा सह्याद्री त्या मानाने बुटका. पण पाऊस अडवायला तो पुरेसा आहे. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथून वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि आमच्या बारामती तालुक्यात येईतो वीस इंच पडला तरी लोक खूश. लोणी भापकर काही अगदी डोंगराच्या पायथ्याशी नाही. घाटमाथा पाऊणशे-ऐंशी किलोमीटर लांब. पण पुरंदरच्या रांगा आमच्याच दिशेने उतरत येतात, आणि घाटातून सुटलेल्या वाऱ्याला मधे अडवणारं काही नाही. ज्येष्ठ-आषाढात डोक्यावरून ढग नुसते पळतात. थेंब नाही, धूळ मात्र डोळ्यांत. मृगाची पेरणी करून बसलेला माणूस त्या ढगांकडे कसा बघतो ते मी लहानपणापासून बघत आलोय. पाहुणा दारावरून जातो आणि आत येत नाही, तसं.

वळवाचा वारा वेगळा. तो चैत्र-वैशाखात संध्याकाळी येतो, कुठूनही येतो, दहा-वीस मिनिटं धिंगाणा घालतो आणि जातो. उंच वाढलेल्या ढगातली गार हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, तो हा वारा. घरं उघडी करतो तो हाच. मी ज्या शाळेत नोकरीला होतो तिथले दोन वर्गांचे पत्रे एका वैशाखात असे उडाले आणि पाचशे पावलांवरच्या शेतात जाऊन पडले. सुटी होती म्हणून वाचलो. तेव्हापासून पत्र्यावर नुसते धोंडे ठेवण्यावर माझा विश्वास नाही. धोंडा वाऱ्याला घाबरत नाही, पण वाराही धोंड्याला घाबरत नाही!

आता बर्फ. आमच्याकडे बर्फ म्हणजे गारा. लहानपणी गारा पडल्या की आम्ही तांब्या घेऊन अंगणात धावायचो. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिने तो खेळ कायमचा संपवला. द्राक्षं, डाळिंब, गहू, हरभरा, सगळं झोडपून काढलं. इंदापूरकडच्या एका माजी विद्यार्थ्याची बाग मी दुसऱ्या दिवशी बघितली. झाडाला एक पान नव्हतं. तो काही बोलला नाही, मीही नाही. शिक्षकाला अशा वेळी काय बोलावं ते येत नाही.

पण बर्फाचं खरं काम गारा करत नाहीत. हिवाळाभर डोंगरावर पाणी साठवून ठेवायचं आणि उन्हाळा लागला की ते खाली पाठवायचं, हे बर्फाचं काम. पायथ्याच्या माणसाच्या दृष्टीने त्यातली गोम अशी, की पाणी येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर पाऊस नसतो. आभाळ निरभ्र असतं, ऊन असतं, आणि नदी चढायला लागते. गंमत बघा, हेच आमच्याकडेही होतं. बर्फ नाही, पण भोरच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो, भाटघर-वीर भरतं, दरवाजे उघडतात, आणि नीरा दुथडी भरून वाहते. तिच्या काठापासून थोडं आत आलं की आम्ही मात्र पाऊस नाही म्हणून आभाळाकडे बघतोय! असा दिवस मी कितीतरी वेळा पाहिला आहे. पंचांगात पाऊस नाही, शेतात नाही, आणि नदीत मात्र झाडं वाहताहेत. हीच नीरा खाली इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते. तिथे एका अंगाने वीरचं पाणी, दुसऱ्या अंगाने उजनीचं. तिथल्या माणसाने पाऊस किती झाला हे आपल्या अंगणात बघून काय उपयोग?

ही धरणं कशामुळे आली हे आमच्या पिढीला पाठ. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, बारामती-इंदापूरकडे माणसं आणि गुरं तडफडून मेली, त्यानंतर इंग्रज सरकारने नीरेचा डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. भाटघरचं जुनं धरण १८९२ मध्ये पुरं झालं, पुढे १९२० च्या दशकात मोठं झालं. स्वातंत्र्यानंतर वीर झालं. कालव्याखाली ऊस आला, साखर कारखाने आले, बंगले आले. आमचं लोणी मात्र कालव्याच्या वरच्या अंगाला, कऱ्हा आणि नीरा यांच्या मधल्या माळावर. जिरायत. मग १९७२. मी तेव्हा बी.ए. करत होतो आणि सुट्टीत गावी येऊन रोजगार हमीच्या कामावर हजेरी लिहायचो. खडी फोडणाऱ्या बायकांमध्ये माझी काकू होती.

सांगायचा मुद्दा हा, की आमच्या गावाची सगळी आठवण कोरडी आहे. म्हातारी माणसं वर्ष मोजायची ती दुष्काळाने. वर्गात मीही तेच शिकवलं. अडतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, दुर्गादेवीच्या दुष्काळापासून बहात्तरपर्यंत सगळं फळ्यावर लिहून दिलं. आपल्या ओढ्याला पूर आला तर पाणी कुठवर येईल, हे एकदाही विचारलं नाही. मुलांना नाही आणि स्वतःलाही नाही.

आणि असं नाही की मला कुणी सांगितलं नव्हतं. १९६१ मध्ये मी चौथी-पाचवीत असेन. माझी आत्या पुण्यात शनिवार पेठेत राहायची. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि काही दिवसांनी आत्या एका बोचक्यासह आमच्या दारात उभी राहिली. तिचं बोलणं एकाच जागी फिरायचं: "पाऊस एवढा नव्हता रे. लोक पुलावर पाणी बघायला गेले होते." पुढे जन्मभर तिने रेशनकार्ड, लग्नातली पैठणी आणि नवऱ्याची नोकरीची कागदपत्रं एका ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवली. गावी आमच्याकडे येऊन राहिली तरी तेच. माळ असूनसुद्धा! आम्ही पोरं हसायचो. आई म्हणायची, "हसू नका, तिने पाणी बघितलंय." आत्या पुण्याची, पाणी पुण्याचं, लोणीला काय त्याचं, असं आम्हाला वाटायचं.

मग २०१३ चा जून. १६ आणि १७ तारखेला केदारनाथला जे झालं ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. पाऊस वेळेआधी आला, डोंगरावर अजून हिवाळ्याचं बर्फ होतं, त्यावर पाऊस कोसळला, वरचा चोराबारी तलाव फुटला आणि मंदाकिनीच्या काठचं सगळं धुऊन निघालं. पाच हजारांहून जास्त माणसं गेली. आमच्या ओळखीतलं एक निवृत्त शिक्षक जोडपं त्या यात्रेत होतं. गुप्तकाशीच्या अलीकडे अडकले म्हणून वाचले. आम्ही रोज टीव्हीपुढे बसायचो, नावांच्या याद्या वाचायचो, आणि रोज फोनवर पुतणीला ते सगळं सांगायचो. ती "हो का, अरे देवा" म्हणत ऐकायची.

त्याच आठवड्यात, २० जूनला, ती स्वतः पुरात होती! हे मला त्या आषाढातल्या रात्री, म्हणजे बारा वर्षांनी कळलं. रॉकी पर्वतात दोन-तीन दिवस पाऊस कोसळला, वरच्या उरलेल्या बर्फाची त्यात भर पडली आणि कॅलगरीतल्या बो आणि एल्बो या दोन्ही नद्या शहरात शिरल्या. पाऊण लाखाच्या आसपास लोकांना घरं सोडायला सांगितलं. पुतणी तेव्हा एल्बोच्या काठी मिशन नावाच्या भागात भाड्याने राहत होती, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. रात्री पोलीस दार वाजवून गेले. पासपोर्ट, दुधाची बाटली आणि लग्नाचा अल्बम घेऊन दोघं निघाले. परत गेले तेव्हा तळघरात छातीभर चिखल. आम्हाला तिने सांगितलं होतं, "पावसामुळे ऑफिसला सुट्टी आहे."

का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, "तुम्ही आधीच केदारनाथमुळे घाबरला होतात. आणि शहरात तसा काही फार पाऊस पण नव्हता हो काका, सांगून खरं वाटलं नसतं." मी गप्प. आत्या आठवली.

कॅलगरीचं शहर म्हणून काय झालं तेही वाचून काढलं (निवृत्त माणसाला एवढं काम हवंच असतं). १८७९ आणि १८९७ मध्ये तिथे मोठे पूर येऊन गेले होते. १९३२ मध्ये आला. त्यानंतर सत्तर वर्षं तसं मोठं काही नाही. २००५ मध्ये एक इशारा मिळाला. मधल्या काळात नदीकाठी छान छान घरं झाली, कारण काठ सुंदर असतो आणि आजोबांनी बघितलेलं पाणी नातवाला दिसत नाही. २०१३ नंतर त्यांनी शहराच्या वरच्या अंगाला स्प्रिंगबँकला एक कोरडा तलाव बांधायला घेतला. एरवी रिकामा ठेवायचा, आणि एल्बो चढली की तिचं पाणी त्यात वळवायचं. रिकामी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची, ही कल्पना आमच्याकडे कुणाला पटवायची तर जन्म जाईल. आमच्याकडे रिकाम्या जागेवर आधी टपरी येते, मग पत्रा, मग स्लॅब.

कऱ्हेचंच बघा. पुरंदर तालुक्यात गराड्याच्या बाजूच्या डोंगरात ती निघते, सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीत येते आणि सोनगावला नीरेला मिळते. कऱ्हा म्हणजे कमंडलू. ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडला आणि नदी झाली अशी कथा आहे. अत्र्यांनी आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असं नाव दिलं, पण आमच्या पिढीने कऱ्हेत पाणी कमी आणि वाळूच जास्त बघितली. जेजुरीजवळचं नाझरे धरण, ज्याला मल्हारसागर म्हणतात, ते भरलं की बातमी व्हायची. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने दुष्काळी तालुके जाहीर केले त्यात पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड हे चारही होते. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर.

आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्याच्या दक्षिणेला आणि पुरंदरच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. पुण्यात आंबिल ओढ्याने आणि इकडे पुरंदरमध्ये कऱ्हेच्या पाण्याने हाहाकार केला. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. नाझरेचं पाणी सोडावं लागलं आणि ते कऱ्हेतून बारामतीकडे निघालं. माझी थोरली बहीण, आम्ही अक्का म्हणतो, बारामतीत नदीपासून फार लांब नाही अशा वस्तीत राहते. पहाटे मुलाने तिला उठवलं. नदीकाठच्या हजारो लोकांना हलवलं त्या दिवशी. अक्का तेव्हा शहात्तर वर्षांची. ती निघायलाच तयार होईना. "कऱ्हेला पूर? तुला काय येड लागलंय? काल तर पाय भिजत नव्हते तिथं!" शेवटी नातवाने उचलून रिक्षात घातली. दुपारी मी पोचलो तेव्हा ती एका शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसली होती, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, "अरे, पाऊस तर नव्हताच."

तिसऱ्यांदा तेच वाक्य. (माझ्या हिशेबात तिसऱ्यांदा; पुतणीचं तेव्हा मला माहीत नव्हतं, पण आता क्रम लावून बसलोय.)

बरं, एवढं होऊनही मी शहाणा झालो का? नाही. आता ती घरातली गोष्ट.

आमच्या जमिनीतून एक ओघळ जायची. ओढा म्हणण्याइतकी मोठी नाही. वरच्या माळाचं पाणी घेऊन यायची, वर्षात दोन-चार दिवस वाहायची, बाकी बाभळी आणि काटेरी. वडील तिला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेल्यावर, नव्वदच्या दशकात, मी आणि भावाने ट्रॅक्टर लावून ती बुजवली. कल्पना माझी. मी शिकलेला, त्यामुळे हिशेब मी केला: ओघळ आणि तिचे दोन्ही काठ धरून वीस गुंठे तरी जमीन लागवडीला येईल. पाणी बांधाने वळवून देऊ. आली जमीन. डाळिंब लावलं. पंचवीस वर्षं काही झालं नाही, आणि दर वर्षी मी मनातल्या मनात वडिलांवर मात केल्यासारखा हसायचो. पुढे जुन्या ओघळीच्या बरोबर तोंडाशी गोठा बांधला, कारण तिथे जागा सपाट होती. सपाट आम्हीच केली होती!

१४ ऑक्टोबर २०२०. हा पाऊस पश्चिमेचा नव्हताच. बंगालच्या उपसागरातून निघालेलं वादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचं उरलेलं सगळं पाणी घेऊन उलटं, पूर्वेकडून आमच्या अंगावर आलं. सोलापूर, इंदापूर, बारामती, दौंड, सगळीकडे हाल. जन्मभर पश्चिमेकडे बघून पावसाचा अंदाज करणारे आम्ही, आणि पाणी आलं मागच्या दाराने. मी त्या दिवशी पुण्यात होतो, कोरोनामुळे अडकलेलो. रात्री भाऊ गुरं सोडायला गोठ्यात गेला. वरच्या माळाचं पाणी बांध फोडून आलं ते थेट जुन्या वाटेने. त्याला आमचा हिशेब माहीत नव्हता. गोठ्याची भिंत गेली, एक गाभण गाय आणि एक कालवड गेली, आणि भाऊ पाण्याबरोबर दीडशे पावलं वाहत जाऊन बाभळीला अडकला. ती बाभळ जुन्या काठावरची, तोडायची राहून गेलेली. तिला धरून तो पहाटेपर्यंत होता. अंगभर काटे. त्या वेळी वय सहासष्ट.

पुतणीला सांगितलं ते एवढंच: "पाऊस खूप झाला, गोठा पडला." तिला विमानाने येता येणार नव्हतं, सगळं बंद. कशाला जिवाला घोर, असं भाऊच म्हणाला. म्हणजे तिने आम्हाला सांगितलं नाही, आम्ही तिला. बेटा, आता वाचलंस ना? बाबा ठणठणीत आहेत, काळजी नको. डाव्या दंडात एक काटा मोडून राहिलाय, तो थंडीत ठणकतो, एवढंच.

आमच्या गावी एक जुनी पुष्करणी आहे, दगडी पायऱ्यांची, सुरेख. तिच्याजवळ यज्ञवराहाची मूर्ती आहे. बघायला लांबून अभ्यासक येतात. दगडातला जाडजूड वराह, अंगावर बारीक मूर्ती कोरलेल्या. वराह म्हणजे पाण्यात बुडालेली पृथ्वी वर काढणारा. मी कितीतरी सहली तिथे नेल्या, दशावतार सांगितले. जिथे प्यायला पाणी नाही त्या माळावर पृथ्वी पाण्यातून काढणारा देव कशाला उभा केला असेल, हा प्रश्न एका सातवीतल्या मुलीने विचारला होता. मी म्हटलं, "भक्तीपोटी गं." आणि घंटा झाली. तिचा प्रश्न आता वारंवार आठवतो. त्या काळच्या कारागिरांनी पूर बघितला होता असं मी म्हणणार नाही, दगडावरून एवढं काढता येत नाही. पण तिला मी दिलेलं उत्तर आळशी होतं, हे नक्की.

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही ओघळ पुन्हा उकरली. भाऊच म्हणाला, "दादा, काढून टाकू." डाळिंबाच्या दोन ओळी गेल्या. जेसीबीवाला पोरगा विचारत होता, "सर, लोक बुजवायला बोलावतात, तुम्ही खोदायला?" त्याच्या बापाला मी शिकवलंय.

मग गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या, तुम्हाला आठवत असेल, पावसाळा भलताच लवकर आला. मुंबईत २६ मेला. त्याच्या आदल्या दिवशी बारामती-इंदापूरकडे उन्हाळ्यातच पावसाने झोडपलं. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि लोकांच्या घरात पाणी गेलं. दुष्काळासाठी काढलेला कालवा, तोच फुटला! आमच्या शेतात पाणी आलं, ओघळीतून आलं, आणि ओघळीतूनच गेलं. नवा गोठा कोरडा. भाऊ त्यात उभा राहून मला व्हिडिओ दाखवत होता, लहान पोरासारखा.

पण आमच्याकडून गेलेलं पाणी जाणार कुठे? खालच्या शेतात. तिथल्या शेतकऱ्यानेही आपल्या वाटची ओघळ कधीच बुजवली आहे, आणि तिथे आता मुलासाठी घराचा पाया काढलाय. आमचं पाणी त्या पायात भरलं. तो दारात येऊन तडकून बोलला: "गुरुजी, पंचवीस वर्षं कुठं होती ही ओघळ? आता तुमचा गोठा वाचावा म्हणून माझं घर बुडवता काय?" भाऊ चिडला. मला चिडता येईना. पंचवीस वर्षं ओघळ नव्हती हे खरंच आहे, आणि ती कुणी घालवली हेही मला माहीत आहे.

आषाढातल्या त्या वाऱ्याच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी भूमी अभिलेखातून काढलेला गावचा जुना नकाशा घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यात ओघळीची रेघ स्पष्ट आहे, आमच्या गटातून त्याच्या गटात, तिथून पुढे ओढ्याला. मी आधी आमची चूक सांगितली, मग नकाशा उलगडला. वाऱ्याने तो उडत होता, म्हणून त्याच्या बायकोने चार कोपऱ्यांवर चार कपबशा ठेवल्या. तो बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत होता. रेघ त्याच्या पायाच्या मधून जाते. पाया हलवायचा तर लाखभर खर्च, आणि मुलाचं लग्न ठरलेलं.

चहा झाला. निघताना मी नकाशा गुंडाळायला लागलो तर म्हणाला, "राहू द्या इथंच. मुलगा संध्याकाळी येईल, त्याला दाखवतो."

ठेवून आलो. अजून मागितलेला नाही.